उभी पंगत

"सुई टोचा. पण तो बोळा मला लावायचा नाही," मी म्हणाले आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिले.

लोंढे सिस्टर हातात ट्रे घेऊन तशाच थांबल्या. बुधवार म्हणजे आमच्या बायकांच्या वॉर्डात इंजेक्शनचा वार. रांग लागायची, एकेकीने पडद्याआड जायचं, साडी सैल करायची, जंतुनाशकाच्या गुलाबी पाण्यात भिजलेला कापसाचा बोळा कंबरेखाली फिरायचा आणि मग सुई. आजवर मीही मुकाट्याने त्या रांगेत उभी राहत आले होते.

"द्वारका, डोकं फिरलंय का तुझं?" सिस्टर म्हणाल्या आणि लगेच त्यांनी जीभ चावली. मनोरुग्णालयात हा प्रश्न सहसा कुणी कुणाला विचारत नाही.

"तेच ठरवायला परवा बोर्ड येतंय की," मी म्हणाले.

त्यांना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. बोर्ड म्हणजे बाहेरच्या माणसांचं मंडळ. एक निवृत्त न्यायाधीश, एक-दोन डॉक्टर. दर तीन महिन्यांनी यायचं, कुणाला घरी सोडायचं ते ठरवायचं. या खेपेला माझं नाव होतं. दादा जीप घेऊन येणार होता. वहिनीने माझ्यासाठी नवी साडी घेतलीय असा त्याचा निरोपही आला होता. दीड वर्ष मी या एका दिवसाची वाट बघत होते, आणि दोन दिवसांवर येऊन ठेपल्यावर मला हे सुचत होतं.

"अगं, शुक्रवारी तू घरी जाणार. आणि आज इंजेक्शनला नाही म्हणतेस?"

"इंजेक्शनला कुठं नाही म्हणतेय? बोळ्याला नाही म्हणतेय. सुई घ्यायला मी एका पायावर तयार आहे."

"बोळा न लावता सुई देता येत नाही बाई."

"मग आधी साबणाने धुवा."

"साबण कपाटात आहे. तुला माहितीये."

माहीत होतंच. आमच्या वॉर्डात साबण कुलपात असायचा, कारण कुणीतरी एकदा तो खाल्ला होता. आरसा नव्हता, सुतळी नव्हती, काचेचा पेला नव्हता. प्रत्येक गोष्ट आमच्या भल्यासाठी काढून घेतलेली. काचेची म्हणून एकच वस्तू वॉर्डात फिरायची, ती म्हणजे सिस्टरांच्या ट्रेमधली बोळ्यांची बरणी.

"मला सरांना सांगावं लागेल," सिस्टर म्हणाल्या.

"सांगा."

डॉक्टर खासनीस आमचे मोठे साहेब. माणूस उंच, सडपातळ, कधी कुणावर आवाज न चढवणारा. ते आले, स्टूल ओढून माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "काय द्वारकाबाई, बोळ्यात काय आहे म्हणता?"

आवाज अगदी मऊ होता. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. मला इथं आणलं त्या दिवशी याच आवाजात त्यांनी विचारलं होतं, "पाण्यात काय आहे म्हणता?"

तेव्हा पाण्यात काही नव्हतं. ते मी आज सांगते, बरी झाल्या झाल्याही सांगत होते. वहिनी माझ्या पाण्यात काहीतरी कालवते असं माझ्या मनानं घेतलं होतं. आधी घरातल्या माठाचं पाणी सोडलं, मग आडाचं, मग पाणीच सोडलं. शिवणक्लासच्या पोरींना घरी पाठवलं, मशीनवर चादर टाकली आणि दार लावून बसले. दादानं मला उचलून इथं आणलं तेव्हा माझी जीभ लाकडासारखी झाली होती. इथल्या औषधानं मी माणसात आले. खासनीस साहेबांचे ते उपकार मी नाकारत नाही. पण 'संशय' हा शब्द माझ्या नावाला चिकटला तो चिकटलाच.

"काय आहे ते मला माहीत नाही साहेब," मी म्हणाले. "पण ज्यांना तो बोळा लागतो त्यांना गळवं होताहेत. तान्हूबाईला झालंय, मालनला झालंय. निदान दहाएक जणी असतील. आणि ज्या नुसत्या गोळ्या खातात त्यातल्या एकीलाही नाही."

"उन्हाळा आहे. बायका अंघोळीला टाळाटाळ करतात, खाजवतात. गळवं होणारच."

"गोळ्यावाल्याही त्याच नळाखाली अंघोळ करतात. आणि गळवं नेमकी सुईच्या जागेवर कशी होतात?"

"तुम्ही बघितलीत?"

"बघायला कशाला पाहिजे? बसताना कळतं."

खरंच तसं होतं. वीस वर्षं मी बायकांची मापं घेतली होती. कोण कुठं जाड, कोण कुठल्या अंगावर झुकतं ते माझ्या डोळ्याला आपसूक दिसतं. आमची जेवणाची पंगत खाली फरशीवर बसायची. चैत्रापासून त्या पंगतीत बायका वाकड्या बसायला लागल्या. एक डाव्या अंगावर, एक उजव्या अंगावर. पंधरा दिवसांनी सुईची बाजू बदलली की कलणं बदलायचं. पहिल्यांदा मला गंमत वाटली. मग तान्हूबाई घास तोंडात धरून डोळे मिटून बसलेली दिसली, आणि गंमत संपली.

"मालनचं बघा," मी साहेबांना म्हणाले. "होळीला ती घरी गेली होती. तेव्हा तिनं बाहेरच्या पेशंटांच्या खिडकीवर इंजेक्शन घेतलं, तिला काही झालं नाही. वॉर्डात परत आल्यावर पहिल्याच सुईला गळू. औषध तेच, सुई तशीच. बाहेर स्पिरिट लावतात, इथं हा बोळा. आपल्याकडंही आधी स्पिरिटच होतं म्हणतात. ते का बंद केलं?"

साहेबांचा चेहरा एकदम बदलला. "ते तुम्हाला कळायचं नाही," ते म्हणाले आणि उठले. मग थोडं थांबून दाराकडे बोट केलं. "तिथं फळा आहे. जंतुसंसर्गाची नोंद आम्ही दर महिन्याला करतो. एकाही बाईनं तक्रार केलेली नाही."

दाराशी तो काळा फळा होता. कुठल्याशा प्रमाणपत्रासाठी नवाच लावलेला. वर रंगाने लिहिलेलं, 'या महिन्यातील जंतुसंसर्ग', आणि खाली खडूने मोठं, गोल, सुबक शून्य. महिना बदलायचा, शून्य तेच राहायचं. पुसायचीही गरज पडत नव्हती.

"तान्हूबाई बोलतच नाही, ती तक्रार काय करणार?" मी म्हणाले. "मालन बोलते, तर तुम्ही म्हणता ती शिव्या देते. बाकीच्या बोलतात ते तुम्ही आजारात जमा करता. मग शून्यच येणार की."

रांगेतल्या बायका आ वासून बघत होत्या. साहेब मला म्हणाले, "हे तुम्ही बोर्डापुढेही बोलणार?"

"विचारलं तर बोलेन."

"मग मला लिहावं लागेल की संशय पुन्हा डोकं वर काढतोय. माझा नाइलाज आहे, द्वारकाबाई. मी खोटं लिहू शकत नाही."

"आणि मी खोटं बोलू शकत नाही," मी म्हणाले.

ते गेल्यावर लोंढे सिस्टरांनी पडदा ओढला. आपल्या पर्समधून कागदात गुंडाळलेली स्वतःची साबणाची वडी काढली, मगभर पाणी आणलं आणि माझी कातडी खसखसून धुतली, जणू पितळेचं भांडं घासताहेत. बोळा न लावता त्यांनी सुई टोचली.

"हे कुणाला सांगू नकोस," त्या म्हणाल्या. मग हळू आवाजात बोलल्या, "पुरुषांच्या वॉर्डात एका पेशंटनं स्पिरिटची बाटली तोंडाला लावली होती. तरणा पोरगा. सर त्याच्या उशाशी बसून होते, पण तो गेला. तेव्हापासून स्पिरिट वॉर्डात आणायचं नाही असा हुकूम आहे. सर वाईट नाहीत गं."

"मी वाईट म्हटलंच नाही. पण त्या पोराला वाचवायचं राहिलं म्हणून तान्हूबाईला मारायचं का?"

सिस्टरांनी साबणाची ओली वडी पुन्हा कागदात गुंडाळली.

दुपारी मी व्हरांड्यात जाळीला टेकून बसले आणि मला भीतीनं ग्रासलं. खोटं कशाला सांगू? साहेबांपुढे मी जोरात बोलले होते, पण आता आतून पोखरायला लागलं. पाण्याच्या वेळीही मला असंच सगळं स्पष्ट दिसत होतं. तेव्हाही माझ्याकडे पुरावे होते. वहिनी पाणी भरताना माझ्याकडे बघते, माठावरचं झाकण हललेलं असतं, पेल्याच्या तळाशी पांढरं काहीतरी दिसतं. एकेक गोष्ट मी अशीच टाक्याला टाका घालून शिवली होती, आणि ते सगळं खोटं निघालं होतं. मग हे कशावरून खरं?

मालन माझ्याशेजारी येऊन एका अंगावर टेकली. पंचविशीची पोर, तोंडानं फाटकी, पण मनानं अगदी साधी.

"मालन, खरं सांग. मला परत वेड लागलंय का गं?"

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. डोळे, कपाळ, हात, सगळं. मग म्हणाली, "लागलंबी असंल, मला काय ठावं? पर माजं गळू तर खरं हाय की. ह्ये बघ, हात लाव."

मी हात लावला. साडीवरूनसुद्धा ते तव्यासारखं तापलेलं लागलं, आणि तिनं एक इतकी कचकचीत शिवी हासडली की पलीकडच्या खाटेवरची बाई उठून बसली. माझ्या जिवात जीव आला. पाण्याच्या वेळी जे होतं ते माझ्या एकटीच्या डोक्यात होतं. हे दुसऱ्याच्या अंगावर होतं, हाताला लागत होतं.

"आक्का, पर तू परवा गप बस," मालन म्हणाली. "तू घरी जा. आमचं काय, आमी हितंच हाय. नंतर बगू."

"नंतर कोण बघणार?"

"कुणी न्हाई. म्हनून तर म्हनतुया, तू जा."

गुरुवारी तान्हूबाईला ताप भरला. ती साठीच्या पुढची होती. का बोलत नाही ते कुणालाच माहीत नव्हतं, कित्येक वर्षांत तिच्या तोंडून कुणी शब्द ऐकला नव्हता. मी तिच्या कपाळावर ओलं फडकं ठेवलं की ती माझं मनगट धरायची आणि सोडायची नाही. तापाची गोळी मिळाली. पण फळ्यावरचं शून्य तसंच राहिलं, कारण ताप कुणालाही येतो.

शुक्रवारी सकाळपासून धावपळ. फरशी फिनेलनं पुसली, खाटांवर नव्या चादरी आल्या, स्वयंपाकघरातून शिऱ्याचा वास यायला लागला. मी जाळीतून बघितलं तर फाटकाशी दादाची जीप उभी. दादा खाली उतरून शर्ट नीट करत होता. त्याच्या हातात कापडी पिशवी होती, तिच्यातून साडीची जांभळी किनार दिसत होती. मला रडू फुटलं. जांभळा रंग मला आवडतो हे वहिनीच्या लक्षात होतं, आणि मी तिच्याबद्दल काय काय बोलले होते!

लोंढे सिस्टर जवळ आल्या. "द्वारका, जेवण झालं की लगेच तुला बोलावतील. विचारतील तेवढंच सांग. घरी जा, नीट राहा. बाकीचं मी बघते."

"बघाल?"

त्यांनी नजर चुकवली. "बघेन. प्रयत्न करेन."

मी ठरवलं होतं की गप्प बसायचं. हे कुणाला खरं वाटणार नाही, पण शप्पथ सांगते, पंगतीत बसेपर्यंत माझ्या मनात दादाची जीप सोडून दुसरं काही नव्हतं.

बोर्डाची माणसं आमचं जेवण बघायला आली. न्यायाधीश साहेब पुढे, पांढरा सदरा, हातात काठी. त्यांच्यामागे डॉक्टर मुजावर मॅडम. बुटक्याशा, चष्मेवाल्या, पदर खोचलेला, प्रत्येक गोष्ट वाकून बघायची सवय. खासनीस साहेब दोघांना माहिती देत होते. ताटं मांडलेली, शिरा वाढलेला, आणि आम्ही बायका ओळीनं बसायला लागलो.

"छान शिस्त आहे," न्यायाधीश म्हणाले.

तेवढ्यात तान्हूबाई आली. ती ताटाशी उभी राहिली आणि बसेना. आमच्या आयाबाई कमळमावशी घाईत होत्या. त्यांनी तिच्या खांद्याला धरून खाली दाबलं. "बस की गं नीट! पाव्हणं आल्यात."

तान्हूबाई ओरडली.

तो आवाज मी अजून विसरलेले नाही. इतक्या वर्षांत जिच्या घशातून काही निघालं नव्हतं, तिच्या घशातून तो निघाला. लोक चमकले. कमळमावशी घाबरून मागे सरकल्या. खासनीस साहेब लगेच म्हणाले, "जुनी पेशंट आहे. कधीकधी होतं असं."

कधीकधी होतं असं! मला इतका संताप आला की दादा, जीप, जांभळी साडी, सगळं डोक्यातून पुसून गेलं. मी उठले, तान्हूबाईला काखेत हात घालून उभं केलं, तिचं ताट उचलून तिच्या हातात दिलं आणि माझं माझ्या हातात घेतलं.

"उभ्यानं जेव," मी तिला म्हणाले. मग पंगतीकडे वळले. "ज्यांना बसवत नाही त्यांनी उठा. उभ्यानं जेवा. लाजायचं काही नाही. जिचं दुखतंय तिनं उठायचं, नाही दुखत तिनं बसून राहायचं. उगाच कुणी उठू नका."

कुणीच हललं नाही. मला वाटलं, झालं, संपलं. मग मालन उठली. उठताना तिनं जी शिवी दिली ती न्यायाधीशांनी बहुधा कोर्टातही ऐकली नसावी. तिच्यामागून भिंतीकडची एक उठली. मग पलीकडच्या कोपऱ्यातल्या दोघी, एकमेकींच्या आधारानं. हातात ताट घेऊन, पदर सावरत बायका उभ्या राहत गेल्या, आणि बाकीच्या खाली बसून त्यांच्याकडे बघत राहिल्या. शिरा गार होत होता.

"हे काय चाललंय?" न्यायाधीशांनी विचारलं.

"मी सांगतो," खासनीस साहेब म्हणाले. "या द्वारकाबाई. आजच्या यादीत त्यांचं नाव आहे. संशयाचा आजार. दोन दिवसांपासून त्यांना इंजेक्शनच्या बोळ्याबद्दल शंका यायला लागलीय. दुर्दैवाने बाकीच्यांवरही परिणाम झालेला दिसतो."

न्यायाधीश माझ्याकडे वळले. माणूस सभ्य होता. "बाई, तुम्हालाही गळू झालंय?"

"नाही साहेब. मागं एक होऊन गेलं. आता मला काही नाही. मी बसू शकते."

"मग बसा ना."

"बसते. आधी ह्यांना बसता येऊ दे."

मुजावर मॅडम तोवर पंगतीकडे वळल्या होत्या. त्या पंगतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेल्या, उभ्या असलेल्या प्रत्येक बाईच्या चेहऱ्याकडे बघत, मनात मोजत. मग तान्हूबाईच्या कपाळाला हात लावला आणि तिला धरून पडद्याआड नेलं. नंतर मालनला. नंतर तिसरीला. बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"सर," त्या खासनीस साहेबांना म्हणाल्या, "शंका एका बाईला आली आणि गळवं अकरा जणींना झाली, असं कसं होतं ते मला समजावून सांगा. या म्हातारीला आज, आत्ता, मोठ्या दवाखान्यात हलवायला पाहिजे. आतपर्यंत पू आहे."

"मॅडम, उन्हाळा..."

"बोळ्यांची बरणी कुठाय?"

कुणी आणायला जायच्या आत ती आली. लोंढे सिस्टर हातात बरणी घेऊन माझ्यामागेच उभ्या होत्या. त्या कधी गेल्या, कधी आल्या, मला कळलंही नव्हतं.

मॅडमनी झाकण काढलं, वास घेतला, आणि चिमट्यानं तळाचा एक बोळा वर ओढला. तो बुळबुळीत होता, त्याला तार सुटत होती.

"ही रिकामी करून कधी धुतली होती?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कमळमावशी मोकळेपणानं म्हणाल्या, "रिकामी कशापायी करायची बाई? कमी झाली की वरनं पानी नि औषध घालतो. बोळं संपत आलं की नवं टाकतो. कंदी रिकामी हुतच न्हाई ती." आपण नीट काम करतो हेच त्यांना सांगायचं होतं.

खासनीस साहेबांनी जवळचं स्टूल ओढलं आणि ते बसले. बरणी त्यांनी उचलून उजेडाकडे धरली. "मी स्पिरिट काढून घेतलं," ते म्हणाले, "ते कुणी मरू नये म्हणून." त्या क्षणी मला त्यांची दया आली. पण दया आली म्हणून मी खाली बसले नाही. तान्हूबाईला स्ट्रेचरवर घालून नेईपर्यंत उभीच होते, आणि उठलेल्या सगळ्या जणी माझ्यासोबत उभ्या होत्या. ताटं रिकामी झाली ती उभ्यानंच.

लोंढे सिस्टर दाराशी गेल्या. पदराच्या टोकानं त्यांनी फळ्यावरचं ते सुबक शून्य पुसलं आणि खडूनं अकरा लिहिलं. साहेबांना विचारलं नाही.

तुम्हाला वाटेल की त्या दिवशी मी वाजतगाजत घरी गेले. कसची जाते! दुपारी बोर्डानं मला बोलावलं. न्यायाधीश म्हणाले, मुख्य डॉक्टरांच्या मते आजार उलटण्याची शक्यता आहे, बरणीचा तपासणी अहवाल यायचा आहे, तेव्हा तुमचा विचार पुढच्या खेपेला. मुजावर मॅडम त्यांच्याशी भांडल्या. पण नियम मॅडमपेक्षा मोठा निघाला.

दादा पिशवी हातात घेऊन जाळीपाशी आला. "द्वारके, कशाला गं तोंड उघडलंस? एक दिवस गप बसली असतीस तर?"

"तान्हूबाई मेली असती," मी म्हणाले.

"कोन तान्हूबाई? आपली कोन ती?"

त्यानं साडीची पिशवी जाळीतून आत सरकवली. मी ती परत केली. म्हटलं, घरी आल्यावर नेसेन, इथं नेसायची नाही. जीप गेली. मी रडले, भरपूर रडले, आणि संध्याकाळी मालननं मला एकामागून एक शिव्या शिकवल्या, तेव्हा कुठं हसले.

अहवाल आला. बरणीत आणि गळवांत एकच जंतू निघाला. त्या बरणीच्या जागी सिस्टर स्वतःच्या कुलपातल्या पेटीतून स्पिरिट आणायच्या आणि मोजून परत न्यायच्या. साबण बाहेर आला. फळ्यावरचा आकडा उतरत गेला, आणि मग खरंखुरं शून्य आलं. तान्हूबाई मोठ्या दवाखान्यातून परत आली, वाळलेली, पण जिवंत. आवाज मात्र तिनं पुन्हा कधीच काढला नाही. पुढच्या बोर्डानं मला सोडलं. निघताना खासनीस साहेब फाटकापर्यंत आले, माझ्याशी हात जोडून बोलले आणि दादाला बाजूला घेऊन म्हणाले, "गोळ्या चुकवू देऊ नका. आणि पुन्हा पाण्याबद्दल काही बोलायला लागल्या तर लगेच घेऊन या."

हळूच बोलले. पण मी ऐकलं.

घरी पोचलो. वहिनीनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. जांभळी साडी खाटेवर घडी करून ठेवलेली होती. मला ओसरीवर बसवलं आणि तिनं आतून तांब्याभर पाणी आणलं. तांब्या हात लांब करून माझ्यापुढे धरला आणि स्वतः मागेच उभी राहिली. तिचं तरी काय चुकलं? दीड-पावणेदोन वर्षांपूर्वी याच ओसरीवर मी तिच्या हातातला तांब्या भिंतीवर भिरकावला होता. दादा दारात उभा, चप्पलही काढलेली नाही. शेजारच्या दोघी कुंपणावरून बघत होत्या. मी पाणी पिते की नाही याच्यावर माझं सगळं पुढचं आयुष्य टांगलेलं आहे हे त्या सगळ्यांना ठाऊक होतं, आणि मलाही.

मी तांब्या हातात घेतला. पाण्याकडे बघितलं. मग वहिनीकडे बघितलं.

"वैनी, पाणी उकळलंय का?"

वहिनीचा चेहरा पांढरा पडला. दादाच्या तोंडून "द्वारके..." एवढंच निघालं, आणि त्यानं जीपची किल्ली घट्ट धरली.

"द्वारके म्हणून काय करतोस?" मी म्हणाले. "गावात शिरताना ग्रामपंचायतीच्या भिंतीवर काय लिवलंय ते वाचलं नाहीस? कावीळ आलीय, पाणी उकळून प्या. ढळढळीत अक्षरात लिवलंय. पुन्हा वाचून ये जा. तुला वाटलं तर मग गाडी काढ, मी चालले. पण न उकळलेलं पाणी मी पिणार नाही, आणि तुम्हालाही पिऊ देणार नाही."

दादा माझ्याकडे बघत राहिला, मग किल्लीकडे. कुंपणावरच्या बायकांनी एकमेकींना कोपरानं ढोसलं.

वहिनी म्हणाली, "न्हाई उकळलं. कालपास्नं म्हनत हुते ह्यांना, लाकडं आना म्हनून."

"मग उकळ. सगळ्यांसाठीच उकळ."

तिनं माझ्या हातातून तांब्या घेतला, आत गेली, आणि चुलीवर मोठं पातेलं चढवल्याचा आवाज आला. दादा थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग चपला काढून परसात गेला आणि लाकडं घेऊन आला.

पाणी निवेपर्यंत मी कोरड्या घशानं ओसरीवर बसून राहिले. नीट, मांडी घालून. मग वहिनीनं पहिला तांब्या मला दिला आणि दुसरा स्वतः तोंडाला लावला.